विद्यापीठाची डिजिटल साधनं: कोणतं कशासाठी, आणि ती हाती कशी येतात

जून-जुलैत कॉलेज सुरू झालं की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचनांची रीघ लागते. 'स्वयम'वर नोंदणी करा. एबीसी आयडी काढून ऑफिसात द्या. असाइनमेंट मूडलवरच टाका, कागदावर चालणार नाही. एन-लिस्टचं लॉगिन ग्रंथालयातून घ्या. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना यातली निम्मी नावं नवीन असतात. यातलं सक्तीचं काय, आपल्या फायद्याचं काय आणि केवळ नोंदणीचा आकडा वाढवण्यासाठी काय, हे समजावून सांगायला कुणाला सवड नसते. मग मुलं सगळीकडे नाव नोंदवतात आणि वापरत काहीच नाहीत.

मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ही साधनं मी वर्गात, प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात रोज वापरते, मुलांकडून वापरून घेते. त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. ज्या साधनाचा गाजावाजा जास्त, तेच सर्वांत उपयोगी असतं असं नाही. व्हिडिओ लेक्चरबद्दल सगळे बोलतात, पण लेक्चर ऐकायला मिळालं नाही म्हणून आमच्या मुलांचं फारसं अडत नाही. त्यांचं अडतं ते दुसरीकडेच. प्रयोग मनाजोगता करायला मिळत नाही, मूळ संदर्भ वाचायला मिळत नाहीत, आणि बाहेर शिकलेल्या गोष्टीची गुणपत्रिकेत नोंद होत नाही. या तिन्ही अडचणींवर आज उपाय आहेत. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचे पैसे सरकारने आधीच भरलेले आहेत. मात्र त्यांचा दरवाजा अनेकदा कॉलेजच्या ऑफिसातून किंवा ग्रंथालयातून उघडतो, आणि तो उघडायला कुणीतरी सांगावं लागतं.

व्हिडिओच्या पलीकडचं 'स्वयम'

पडद्यावरून विद्यापीठाचं शिक्षण ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवर लागत असे. पुणे विद्यापीठातलं माध्यम केंद्र त्यासाठी कार्यक्रम तयार करायचं. कार्यक्रम चांगले असत, पण सगळा मामला एकतर्फी. बघणाऱ्याला कळलं की नाही, हे कुणाला समजायला मार्ग नव्हता.

२००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'एनपीटेल' हा ऑनलाइन लेक्चरचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला तेही लेक्चरचं भांडारच होतं. खरा बदल २०१४ मध्ये झाला. ठरावीक आठवड्यांचा कोर्स, दर आठवड्याला असाइनमेंट, शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा आणि प्रमाणपत्र अशी पद्धत तेव्हा आली. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचं 'स्वयम' सुरू झालं आणि एनपीटेलसह अनेक संस्थांचे कोर्स एका छताखाली आले. अभियांत्रिकी व विज्ञान एनपीटेलकडे, पदवीचे अनेक विषय यूजीसीच्याच 'सीईसी' या संस्थेकडे, व्यवस्थापन आयआयएम बंगळूरकडे, शिवाय इग्नूचे कोर्स वेगळे. त्यामुळे 'स्वयमवर फक्त इंजिनिअरिंग असतं' हा आमच्या कला शाखेच्या मुलांचा समज चुकीचा आहे.

स्वयमच्या कोर्सचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचण्याचं साहित्य, चर्चेची जागा आणि मूल्यमापन. मुलं पहिला भाग बघतात आणि थांबतात. शिकणं घडतं ते चौथ्या भागात. एनपीटेलचा हिशेब इथे नीट समजून घ्या, कारण दर सत्रात हुशार मुलंसुद्धा यात फसतात. अंतिम गुणांत असाइनमेंटचा वाटा २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेचा ७५. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये सहा, चार आठवड्यांच्यात तीन. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०, असे दोन्हीकडे वेगवेगळे उत्तीर्ण व्हावं लागतं.

समजा एका मुलीची असाइनमेंटची सरासरी ८० टक्के आहे. तिला २५ पैकी २० मिळाले. परीक्षेत मात्र १०० पैकी ३६ पडले, म्हणजे ७५ पैकी २७. एकूण ४७ होतात, आणि आपल्या विद्यापीठाच्या सवयीने ती स्वतःला पास समजते. पण परीक्षेचा उंबरठा ३० चा आहे, त्यामुळे प्रमाणपत्र नाही. असाइनमेंट मित्राकडून उतरवून घेतलेल्यांची गत नेमकी हीच होते. कोर्स बघायला आणि असाइनमेंट करायला पैसे लागत नाहीत. परीक्षेला साधारण हजार रुपये शुल्क आहे, आणि गरजू गटांना त्यात सवलत मिळते. स्वयमच्या बिगर-एनपीटेल कोर्समध्ये अंतर्गत ३० आणि अंतिम परीक्षा ७० अशी विभागणी असते, तेव्हा कोर्सच्या पानावरचा नियम आधी वाचावा.

आता क्रेडिटकडे येऊ, म्हणजे एखादा विषय पूर्ण केल्यावर पदवीच्या हिशेबात जमा होणाऱ्या मापाकडे. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार, एका सत्रात एखाद्या अभ्यासक्रमातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकतं. आधी ही मर्यादा २० टक्के होती. एनपीटेलच्या चार आठवड्यांच्या कोर्सला सर्वसाधारणपणे १, आठ आठवड्यांच्याला २ आणि बारा आठवड्यांच्याला ३ क्रेडिट धरतात.

'देऊ शकतं' हे शब्द इथे महत्त्वाचे. कोणत्या कोर्सचे क्रेडिट चालतील हे प्रत्येक विद्यापीठाची विद्या परिषद ठरवते. म्हणून नोंदणीच्या आधी विभागप्रमुखांना विचारायचं: हा कोर्स आपल्या विद्यापीठाच्या मान्य यादीत आहे का? तो माझ्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल? कोर्स संपल्यावर माझे गुण परीक्षा विभागाकडे कोण पाठवणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका शिक्षकाचं नाव मिळायला हवं. स्वयमचे कोर्स करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी संस्थेने एक मार्गदर्शक शिक्षक नेमावा, संगणक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेची सोय विनाशुल्क द्यावी, हे नियमातच आहे. अख्खं सत्र मेहनत करून, परीक्षा पास होऊन, शेवटी 'हा कोर्स आपल्या यादीत नाही' हे ऐकणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा संताप रास्त असतो.

क्रेडिटचं खातं

मिळालेले क्रेडिट साठवण्यासाठी 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स', अर्थात एबीसी. ही व्यवस्था जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा अंकी क्रमांक मिळतो, तो डिजिलॉकरमधून काढता येतो. विद्यार्थ्याचा शाळेपासून चालणारा 'अपार' हा ओळख क्रमांक आता याच व्यवस्थेशी जोडला आहे. क्रेडिट तुम्ही स्वतः जमा करू शकत नाही, ते फक्त विद्यापीठ किंवा मान्य संस्था करते. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य राहतात. लग्न, नोकरी, आजारपण यामुळे दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबलेल्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, हा यामागचा मूळ हेतू आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे एक अडचण हमखास येते. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि पुढे आईचं नाव. आधारवर बहुतेकदा स्वतःचं नाव आधी. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' कमी-जास्त. संगणकाला ही दोन माणसं वाटतात आणि क्रेडिट खात्याला लागत नाहीत. पहिल्या सत्रातच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. शेवटच्या वर्षी हे काम निघालं तर निकाल अडकतो.

प्रयोगशाळेला जोड

इथे जरा थांबून सांगते, कारण हा माझा रोजचा प्रांत आहे.

पदवीच्या भौतिकशास्त्रात प्रकाशविद्युत परिणाम हा एक पायाभूत प्रयोग. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत एखाद-दुसरा संच, चार-पाच मुलांचा गट, हाती दोन तास. एकजण बटणं फिरवतो, दुसरा आकडे लिहितो, बाकीचे उभे राहतात. नेमके आकडे आले की वही पूर्ण. 'असं केलं तर काय होईल' हे करून बघायला वेळच नाही.

अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा 'फेट' नावाचा एक प्रकल्प आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यात हाच प्रयोग पडद्यावर करता येतो. एका बाजूला दिवा, समोर सोडियमची पट्टी, खाली बॅटरी. मी मुलांना पहिल्यांदा तांबडा प्रकाश निवडायला सांगते, तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. मग विचारते, दिव्याची तीव्रता पूर्ण वाढवली तर इलेक्ट्रॉन सुटतील का? जवळजवळ सगळा वर्ग 'हो' म्हणतो. तीव्रता शंभर टक्क्यांवर नेली तरी पट्टीतून एकही इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही. मग तीव्रता अगदी कमी करून तरंगलांबी ४०० नॅनोमीटरवर, म्हणजे जांभळ्याकडे आणायची. लगेच तुरळक इलेक्ट्रॉन सुटताना दिसतात.

असं का होतं, हे आता वहीवर मांडता येतं. प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या छोट्या एककात काढायची तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं. ६५० ला ती सुमारे १.९ येते, ४०० ला ३.१. सोडियममधून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे २.३ लागतात. तांबड्या प्रकाशाचे कण कितीही संख्येने आले तरी प्रत्येकाची ऊर्जा कमीच पडते. जांभळ्याचा एकच कण पुरतो, आणि वर ०.८ उरतात. आता बॅटरी उलटी जोडून विद्युतदाब वाढवत न्या. साधारण ०.८ व्होल्टला प्रवाह थांबतो. कागदावर काढलेला आकडा समोर पडद्यावर येतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकतात. आइनस्टाईनने १९०५ मध्ये मांडलेली कल्पना, जिच्यासाठी त्याला नोबेल मिळालं, ती मुलांनी स्वतः तपासलेली असते.

फेटची अनेक सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचे असे प्रयोग, मराठीत आहेत. नवी सिम्युलेशन एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात, त्यामुळे संगणक कक्षात सगळ्या यंत्रांवर ती आधीच टाकून ठेवता येतात.

आपल्या सरकारचा 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्प जास्त शिस्तीचा आहे. आयआयटी दिल्लीच्या समन्वयाखाली आयआयटी मुंबई, पुण्याचं सीओईपी, अमृता विद्यापीठ, आयआयआयटी हैदराबाद अशा संस्थांनी तो उभा केला. प्रत्येक प्रयोगाला उद्देश, सिद्धांत, आधीची चाचणी, कृती, सिम्युलेशन, नंतरची चाचणी असा क्रम असतो. आपल्या प्रयोगवहीच्या, म्हणजे जर्नलच्या, मांडणीशी तो जुळतो, आणि वापर विनामूल्य आहे. अभियांत्रिकीपासून जीवशास्त्रापर्यंत अनेक शाखांचे प्रयोग इथे मिळतात.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सिम्युलेशनमध्ये वायर कधी सैल होत नाही. व्हर्नियरच्या मोजपट्टीची शून्य त्रुटी नसते, तिरकं बघितल्याने आकडा चुकत नाही, गॅल्व्हॅनोमीटरचा काटा अडकत नाही. या सगळ्याशी झगडणं म्हणजेच प्रयोग शिकणं. म्हणून मी मुलांना आदल्या दिवशी पडद्यावर प्रयोग करून यायला सांगते. दुसऱ्या दिवशी काय बघायचंय हे त्यांना माहीत असतं, आणि दोन तास यंत्राशी झगडण्यात जातात. प्रयोगशाळेसाठी पैसे नाहीत म्हणून तिच्या जागी व्हर्च्युअल लॅब दाखवून हजेरी मांडणं हा मुलांवर अन्याय आहे.

दहा मिनिटं, अर्धा पडदा

सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर माझी पहिली शिफारस आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ची. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने हा प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचा एक धडा, त्यात पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसतं आणि निवेदक काय करतोय ते सांगतो. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतं, पण पडद्यावरचे मेनू इंग्रजीच ठेवलेले आहेत. यामागे विचार आहे: समजून मराठीत घ्यायचं, आणि नोकरीत जो पडदा समोर येणार त्याचीच सवय करायची.

वापरायची रीत अशी. संगणकाचा पडदा निम्मा-निम्मा वाटायचा. डावीकडे धडा, उजवीकडे तेच सॉफ्टवेअर उघडं. निवेदक एक पायरी करतो, आपण धडा थांबवून तीच पायरी करायची, जमली की पुढे. लिबर ऑफिस, पायथन, सी, लिनक्स, सायलॅब अशा विषयांचे धडे आहेत, आणि सगळं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे घरच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. धडे उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येतात. शिक्षकाविना, आपापल्या गतीने शिकता यावं म्हणून इतक्या बारकाईने केलेलं दुसरं काम माझ्या पाहण्यात नाही.

ग्रंथालय कपाटाबाहेर

संशोधन नियतकालिकांचं अर्थकारण विचित्र आहे. लेख लिहिणारे, तपासणारे बहुधा विद्यापीठांच्या पगारावर, आणि तोच लेख वाचायला विद्यापीठाला पुन्हा प्रकाशकाला वर्गणी भरावी लागते. मोठ्या संस्थांना ती परवडते, लहान कॉलेजांना नाही. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, सुमारे ६,३०० संस्था, आणि विद्यार्थी-शिक्षक-संशोधक मिळून सुमारे १ कोटी ८० लाख वाचक. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांची प्रकाशनं यात आहेत. गांधीनगरची 'इन्फ्लिबनेट' ही यूजीसीची संस्था हे काम बघते.

ही सोय आधी केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांना मिळाली आहे. महाराष्ट्रात बहुतांश महाविद्यालयं खाजगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली, त्यामुळे आपलं कॉलेज यादीत आहे की नाही हे ग्रंथपालांकडून खात्री करून घ्यावं. नसेल तर इन्फ्लिबनेटचीच 'एन-लिस्ट' ही सेवा आहे. कॉलेजने थोडी वार्षिक वर्गणी भरली की हजारो नियतकालिकं आणि ई-पुस्तकं उघडतात. विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन मिळतं, ते घरूनही चालतं. कॉलेजने वर्गणी भरलेली आहे आणि लॉगिन मागायला मुलंच येत नाहीत, अशी तक्रार ग्रंथपालांच्या तोंडी मी नेहमी ऐकते.

'कॉलेजमध्ये लेख उघडतो, घरी का उघडत नाही?' हा प्रश्न दर वर्षी येतो. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक ठिकाणाला एक आयपी पत्ता असतो. कॉलेजच्या वायफायवर असताना प्रकाशकाच्या संगणकाला तो पत्ता ओळखीचा दिसतो, सोसायटीच्या वॉचमनला आतल्या माणसाचा चेहरा ओळखीचा असतो तसा, आणि तो आत सोडतो. घरच्या मोबाइल डेटावर पत्ता बदलतो, म्हणून अडवतो. तेव्हा 'लॉगिन थ्रू इन्स्टिट्यूशन' हा पर्याय निवडून आपल्या संस्थेचं नाव शोधायचं आणि संस्थेने दिलेलं नाव-पासवर्ड टाकायचं. भारतात इन्फ्लिबनेटच्या 'इन्फेड' व्यवस्थेतून हे होतं. यासाठीही आधी कॉलेजने तुमचं खातं तयार केलेलं असावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाण्यापूर्वी ते करून घ्या, सुट्टीत ऑफिस बंद असतं.

वर्गणीचा प्रश्नच येत नाही असा एक खजिना म्हणजे 'शोधगंगा'. पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात जमा करण्याचा नियम यूजीसीने २००९ मध्ये केला, आणि इन्फ्लिबनेटने ते सर्वांसाठी खुले केले. आज तिथे देशभरातले लाखो प्रबंध आहेत, मराठीतलेही. प्रबंध उघडला की '०१ टायटल', '०२ सर्टिफिकेट' अशा नावांच्या एकेका प्रकरणाच्या फायली दिसतात. एम.ए., एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी त्यातलं पूर्वसंशोधनाचं प्रकरण आधी वाचा. तुमच्या विषयावर आजवर कुणी काय केलं, हे एका जागी मांडलेलं मिळतं. अर्थात प्रबंध तिथे आहे म्हणजे तो दर्जेदार, असं नाही. जुनी विद्यापीठं, परिचित मार्गदर्शक, संदर्भयादीची खोली बघून निवड करावी.

तिथून उतरवून घेण्याचा मोह झाला तर २०१८ चे यूजीसीचे नियम माहीत असू द्या. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये सुधारून द्यायलाच एक वर्ष बंदी, आणि ६० च्या वर अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द.

मूडलबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामास यांनी २००२ मध्ये आणलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर जगभर विद्यापीठांत वापरतात. नोट्स, असाइनमेंट, चाचण्या, गुण एका जागी ठेवायचे, एवढंच त्याचं काम. गूगल क्लासरूम साधारण तेच करतं. माझ्या मते मूडलमधली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे चाचणीतला 'अभिप्राय'. चुकीचा पर्याय निवडला की तो का चुकला, हे त्याच क्षणी दिसेल असं शिक्षक लिहून ठेवू शकतो. ते लिहायला वेळ जातो, आणि बहुतेक ठिकाणी ती जागा रिकामीच असते.

एआय: विचारायचं काय

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि असाइनमेंट नावाच्या गोष्टीचा अर्थच बदलला. या साधनाचं काम एका वाक्यात सांगायचं तर, प्रचंड मजकुरावरून शिकून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज ते लावत जातं. त्यामुळे वाक्यं सफाईदार येतात, पण मजकूर खरा असेलच याची हमी नसते. 'विदर्भातल्या मालगुजारी तलावांवरचे पाच संशोधन लेख सांग' असं विचारलं की लेखक, वर्ष, नियतकालिक यांसकट सुबक यादी मिळू शकते, आणि त्यातले काही लेख कधी लिहिलेच गेलेले नसतात. प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या शोधात टाकून बघायचा. बहुतेक नव्या शोधनिबंधांना 'डीओआय' नावाचा कायमचा क्रमांक असतो. तो टाकल्यावर तोच लेख उघडला पाहिजे. उघडत नसेल तर तो संदर्भ वगळा.

मग एआय वापरूच नये का? जरूर वापरावं, पण उत्तर मागण्याऐवजी प्रश्न मागावेत. एक प्रकरण वाचून झाल्यावर त्यावर तोंडी परीक्षेसारखे दहा प्रश्न विचारायला सांगा, एकेक करून, आणि तुमचं उत्तर कुठे अपुरं आहे ते दाखवायला सांगा. पायथनचा प्रोग्रॅम चालत नसेल तर चूक दुरुस्त करून न मागता, त्या चुकीच्या संदेशाचा अर्थ विचारा. सगळं लिहून घेतलेली असाइनमेंट मला वाचताना ओळखू आली नाही तरी तोंडी परीक्षेत दुसऱ्या प्रश्नाला कळते. तिथे वाईट वाटतं ते गुणांचं नाही. जे शिकायला तो मुलगा गावाहून एसटीने रोज येतो, तेच त्याच्या हाती लागलेलं नसतं.

मराठीत, आणि सगळ्यांना

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी व्हिडिओ जड जातो. एनपीटेलने अनेक लेक्चरचे अनुवाद भारतीय भाषांत केले आहेत, त्यात मराठीही आहे. विषयाची संकल्पना आधी मराठी विश्वकोशात वाचून घ्या. वाईला ज्याची उभारणी झाली तो सगळा विश्वकोश आता ऑनलाइन आहे आणि त्यातल्या विज्ञानाच्या नोंदी आजही उत्तम आहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन शोधता येतात. इंग्रजी व्हिडिओ बघताना ते शेजारी उघडे ठेवले तर पहिले दोन-तीन आठवडे लागतात, मग संज्ञा ओळखीच्या होतात.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी 'एनव्हीडीए' नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे, तो मराठी मजकूरही वाचून दाखवतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालया'त त्यांना वाचता-ऐकता येतील अशी पुस्तकं आहेत. पण कॉलेजच्या नोट्सपाशी हे सगळं अडतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं नोट्स आणि प्रश्नपेढ्या श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या आहेत. डोळ्यांना तिथे मराठी दिसतं, संगणकाला मात्र आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच दिसतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचून दाखवतो. स्कॅन केलेल्या पानाचं त्याहून वाईट, तिथे त्याला अक्षरच सापडत नाही. अशा नोट्समध्ये शोध लागत नाही, त्यांचा अनुवाद होत नाही, त्या मोबाइलवर नीट उघडत नाहीत, म्हणजे नुकसान सगळ्यांचंच.

यावरचा उपाय शिक्षकांच्या हातात आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलणारे कन्व्हर्टर मोफत मिळतात. स्कॅन केलेलं पान गूगल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्समध्ये उघडलं तर मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. जोडाक्षरं आणि सूत्रं तेवढी हाताने तपासावी लागतात. आमच्या विभागात हे काम तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतलंय: एकजण मजकूर बदलतो, दुसरा मूळ पान समोर धरून वाचतो, आणि तपासलेलं प्रकरण त्याच दिवशी मूडलवर चढतं.